आपल्या व्हाळाची नोंदवही
(अभ्यासपाठ : घरी वाचण्यासाठी आणि गटात चर्चेसाठी)



शिरोडा, आरवली, आजगाव, आरोंदा, रेडी या आपल्या परिसरात व्हाळ ओलांडल्याशिवाय फारसे कुठे जाता येत नाही. व्हाळाकाठी आपल्या बागायती आहेत. व्हाळाला पाणी असते तोवर आसपासच्या विहिरींना धीर असतो. आणि शेवटी हेच पाणी खाडीत उतरते, जिथे आपण तिसरे, खुबे, कुर्ल्या आणि मासे शोधतो. असे असूनही ‘तुमचा व्हाळ कसा आहे?’ असे कुणी विचारले, तर आपले उत्तर ठरलेले असते : ‘पूर्वी चांगला होता, आता बिघडला.’ पूर्वी म्हणजे केव्हा? बिघडला म्हणजे नेमके काय झाले? कोणता जीव गेला, कोणत्या साली गेला? इथे आपण गप्प होतो.

आजच्या पाठात आपण दोन गोष्टी शिकणार आहोत. साध्या माणसांनी व्हाळाचे पाणी आणि त्यातले जीव कसे पाहावेत, ही पहिली. जे पाहिले ते तारखेसह का लिहून ठेवावे, ही दुसरी. यातली दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची आहे.

१. मत आणि साक्ष

‘व्हाळ बिघडला’ हे मत आहे. मत खरे असू शकते, पण ते दुसऱ्याला पटवून देता येत नाही. न्यायालयात साक्षीदाराला त्याचे मत विचारत नाहीत. त्याने स्वतः काय पाहिले, कुठे पाहिले आणि केव्हा पाहिले, हे विचारतात. या तीन प्रश्नांची उत्तरे जिथे मिळतात तिथे मताची साक्ष होते.

तत्त्वज्ञानाच्या अभ्यासात ॲरिस्टॉटलचे नाव आधी तर्कशास्त्रासाठी घेतले जाते. पण हाच माणूस इसवी सनापूर्वी चौथ्या शतकात ग्रीसमधल्या लेस्बोस बेटावर राहून तिथल्या खाजणातले मासे, शिंपले आणि खेकडे तपासत होता. जे स्वतःला दिसले नाही ते तो कोळ्यांना विचारत असे. म्हणजे पाण्यातल्या जिवांचा अभ्यास सुरू झाला तो डोळे उघडे ठेवणाऱ्या एका विचारवंतापासून आणि रोज पाण्यात हात घालणाऱ्या मच्छीमारांपासून. प्रयोगशाळा नंतर आल्या.

आपल्यातही असे जाणकार आहेत. मृगाच्या पहिल्या पावसाबरोबर चढणीचे मासे कोणत्या बांधापाशी येतात, कोणत्या कोंडीत उन्हाळाभर पाणी टिकते, हे वयस्कर मंडळींना तोंडपाठ असते. अडचण एवढीच की हे ज्ञान वहीत नाही. ते माणसाबरोबर जाते.

२. पाणी आजचे सांगते, जीव गेल्या महिन्यांचे सांगतात

समजा, सोमवारी रात्री कुणी वरच्या अंगाला औषध फवारलेले पिंप व्हाळात धुतले. बुधवारी आपण बाटली भरून पाणी तपासायला नेले. तोपर्यंत ते औषध खाडीपर्यंत पोहोचलेले असते आणि बाटलीतले पाणी स्वच्छ निघते. अहवाल खोटा नसतो, पण तो बुधवारचा असतो. सोमवारचे तो काही सांगत नाही.

व्हाळाच्या तळाशी दगडांना धरून राहणारे छोटे जीव मात्र सोमवारीही तिथेच होते. त्यातले बरेचसे कीटकांच्या अळ्या असतात. ते आठवडेच्या आठवडे, काही तर महिनोन्‌महिने त्याच जागी पाण्यात राहतात. त्यांना पळून जाता येत नाही. पाण्यात जे जे आले ते त्यांनी सोसलेले असते. म्हणून कोणता जीव आहे आणि कोणता नाही, यावरून गेल्या काही आठवड्यांचा अंदाज करता येतो.

यामागचे मुख्य कारण प्राणवायू. आपण हवेतून श्वास घेतो, पण मासे आणि पाण्यातल्या बऱ्याच अळ्या पाण्यात विरघळलेला प्राणवायू घेतात. तो फारच थोडा असतो. २५ अंश तापमानाच्या गोड्या पाण्यात एका लिटरमध्ये जास्तीत जास्त सुमारे ८ मिलिग्रॅम प्राणवायू मावतो. पाणी तापले की तो आणखी कमी होतो. सांडपाणी, शेण, कुजका पाला जास्त झाला की ते कुजवणारे जिवाणू हाच प्राणवायू संपवतात. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या निकषांप्रमाणे मासे आणि वन्यजीवांसाठीच्या पाण्यात लिटरमागे किमान ४ मिलिग्रॅम आणि उघड्यावरील स्नानाच्या पाण्यात किमान ५ मिलिग्रॅम प्राणवायू हवा. तो घटू लागला की नाजूक जीव आधी जातात, काटक जीव उरतात आणि त्यांची संख्या वाढते.

३. या जिवांची ओळख

नावे मोठी असली तरी ओळखायला सोपे असे काही गट आहेत.

मेफ्लायच्या अळ्या : पाण्यातला दगड हळूच उलटला की त्याच्या खालच्या बाजूला सरसर सरकतात. शेपटीला दोन किंवा तीन बारीक धागे असतात आणि पोटाच्या दोन्ही बाजूंना पिसांसारखे कल्ले हलत असतात. यातले चपटे, दगडाला चिकटून राहणारे प्रकार विशेष नाजूक असतात.

कॅडिसफ्लायच्या अळ्या : यातल्या अनेक जाती वाळूचे कण, काड्या किंवा पानांचे तुकडे चिकटवून स्वतःभोवती नळीसारखे घर बांधतात. दगडावर वाळूची नळी दिसली आणि ती चालू लागली, तर आत हिचा मुक्काम आहे असे समजावे.

स्टोनफ्लायच्या अळ्या : शेपटीला दोनच धागे, पायांना दोन दोन नख्या. या सर्वांत नाजूक. पण त्या मुख्यतः घाटाकडच्या थंड, खळाळत्या ओढ्यांत राहतात. आपल्या किनारपट्टीच्या संथ व्हाळात त्या सापडल्या नाहीत, तर त्यावरून पाणी घाण आहे असे म्हणता येत नाही.

चतुर आणि टाचणी यांची पिल्ले : पावसानंतर शेतावर घिरट्या घालणारा चतुर लहानपणी पाण्यात राहतो. त्याचे पिल्लू जाड, मातकट रंगाचे असते. टाचणीचे पिल्लू काडीसारखे बारीक असून शेपटीला तीन पाने असतात. हे जीव मध्यम काटक आहेत.

गांडुळासारखे पाणकिडे, जळवा आणि लालभडक रंगाच्या बारीक अळ्या : या लाल अळ्यांच्या शरीरात आपल्या रक्तातल्यासारखे हिमोग्लोबिन असते, म्हणून त्या फार कमी प्राणवायूतही जगतात. डासांच्या अळ्या तर नळीने थेट हवेतून श्वास घेतात. व्हाळात फक्त हीच मंडळी उरली असतील आणि बाकी कुणी नसेल, तर काळजीचे कारण आहे.

४. गुण कसे द्यायचे?

दक्षिण आफ्रिकेत शाळकरी मुलांनाही जमेल अशी एक पद्धत तयार झाली आहे. तिचे नाव ‘मिनी-सास’. तिच्यात जिवांचे १३ गट केले असून प्रत्येक गटाला गुण ठरवलेले आहेत. नाजूक जिवाला जास्त गुण, काटक जिवाला कमी. स्टोनफ्लायला १७, चपट्या मेफ्लायला ११, कॅडिसफ्लायला ९, चतुराच्या पिल्लाला ६, खेकडा किंवा झिंग्याला ६, पाण्यातले भुंगे आणि पाण्यावर धावणारे किडे यांना ५, गोगलगाईला ४, जळू, पाणकिडे आणि माश्या-डासांच्या अळ्या यांना प्रत्येकी २.

एक गट कितीही संख्येने सापडला तरी त्याचे गुण एकदाच धरायचे. सगळ्या सापडलेल्या गटांच्या गुणांची बेरीज करून गटांच्या संख्येने भागायचे.

समजा, एका जागी चपटी मेफ्लाय, कॅडिसफ्लाय, चतुराचे पिल्लू, खेकडा आणि पाण्यावर धावणारे किडे मिळाले. बेरीज ३७, गट ५, सरासरी ७.४. दुसऱ्या जागी पाणकिडे, जळवा, डासांच्या अळ्या आणि गोगलगाई मिळाल्या. बेरीज १०, गट ४, सरासरी २.५. दोन जागांतला फरक लहान मुलालाही समजेल.

हे गुण दक्षिण आफ्रिकेतल्या नद्यांवरून ठरवलेले आहेत. म्हणून ‘आमच्या व्हाळाला ७.४ मिळाले, तुमच्या व्हाळाला ६’ अशी स्पर्धा लावू नये. त्याच जागेचे यंदाचे गुण आणि पुढच्या वर्षी त्याच महिन्यातले गुण यांची तुलना करावी. आपल्या देशातही केंद्रीय मंडळाने पाण्यातल्या जिवांवरून पाण्याची प्रत ठरवण्याचे निकष तयार केलेले आहेत. म्हणजे ही पद्धत सरकारी तज्ज्ञांना अनोळखी नाही.

५. केनेट नदीवरची घटना

या पाहणीचा उपयोग काय, हे इंग्लंडमधल्या एका घटनेवरून समजते. तिथे गळ टाकून मासे पकडणारे हौशी लोक नदीतल्या किड्यांची नियमित मोजणी करतात. ठरलेल्या जागी तीन मिनिटे तळ ढवळायचा, जाळीत आलेले जीव मोजायचे आणि आकडे वहीत लिहायचे. ठरवून दिलेल्या पातळीखाली आकडा गेला की सरकारी पर्यावरण खात्याला कळवायचे.

१ जुलै २०१३ रोजी केनेट नदीवर अशा पाहणीत एका जागी नेहमीचे झिंगे आणि किडे जवळपास नाहीसे झालेले दिसले. स्वयंसेवकांनी खात्याला कळवले. तपासात क्लोरपायरीफॉस हे कीटकनाशक सापडले. मार्लबरो गावाच्या सांडपाणी केंद्रातून ते नदीत आले होते. त्याचे प्रमाण अगदी थोडे होते, तरी सुमारे १५ किलोमीटरच्या पट्ट्यातले किडे मेले. आपल्याकडे वाळवीसाठी वापरतात तेच हे औषध.

या गोष्टीतला महत्त्वाचा भाग कोणता? त्या दिवशी किडे नव्हते, हे कुणालाही दिसले असते. पण ‘गेल्या महिन्यात इथे होते’ हे फक्त वहीच सांगू शकली. आधीची वही नसती तर ‘इथे किडे नसतातच’ असे म्हणून कुणीही पुढे गेले असते. जे होते त्याची नोंद नसेल, तर जे गेले त्याची तक्रार उभीच राहत नाही.

६. पाण्याची साधी मोजमापे

जिवांबरोबर पाण्याच्याही चार-पाच नोंदी घ्याव्यात : तापमान, रंग, वास, पाण्याची खोली आणि नितळपणा.

नितळपणा मोजण्याचे जे साधन आज जगभर वापरले जाते ते एका धर्मगुरूने रूढ केले, हे आपल्यातल्या थोड्यांनाच ठाऊक असेल. येशूसंघीय फादर आंजेलो सेक्की हे मोठे खगोलशास्त्रज्ञ. एप्रिल १८६५ मध्ये पोपमहाशयांच्या जहाजावरून भूमध्य समुद्रात त्यांनी पांढरी तबकडी दोरीने सोडली आणि ती कितव्या मीटरला दिसेनाशी होते ते मोजले. आजही तिला ‘सेक्की तबकडी’ म्हणतात. दोरी, तबकडी आणि डोळे, एवढेच सामान.

आपले व्हाळ उथळ असतात, म्हणून तबकडीऐवजी नळी वापरावी. एक मीटर लांबीची पारदर्शक नळी घ्यावी, तळ बंद करून त्यावर काळे-पांढरे चिन्ह काढावे. नळी पाण्याने भरावी आणि वरून पाहत पाणी हळूहळू कमी करावे. चिन्ह दिसू लागले की उरलेल्या पाण्याची उंची सेंटीमीटरमध्ये लिहावी. दरवेळी सावलीत आणि शक्यतो एकाच माणसाने पाहावे.

प्राणवायू आणि आम्लता मोजण्याचे संच मिळतात. शाळेतल्या विज्ञान शिक्षकांची मदत घेतल्यास ते वापरणे अवघड नाही. फक्त वेळ अवश्य लिहावी. शेवाळाने हिरव्या झालेल्या कोंडीत दुपारी भरपूर प्राणवायू दिसतो, कारण शेवाळ उन्हात तो तयार करते. रात्री तेच शेवाळ प्राणवायू घेते आणि पहाटे मासे पाण्यावर तोंड काढून धापा टाकतात. दुपारचा आकडा आणि पहाटेचा आकडा यांची तुलना केली तर निष्कर्ष चुकणारच.

७. आपल्या भागासाठी काही विशेष सूचना

पुस्तकातली पद्धत जशीच्या तशी शिरोड्यात चालणार नाही. चार गोष्टी लक्षात ठेवू या.

पहिली गोष्ट पावसाची. जून ते सप्टेंबर आपल्या व्हाळाला लोंढा असतो. तो तळातले दगड आणि जीव दोन्ही वाहून नेतो. त्या काळात पाण्यात उतरणे धोक्याचे आणि मोजणीही निरर्थक. पाऊस ओसरून पाणी निवळल्यावर, म्हणजे नोव्हेंबरच्या सुमारास पहिली पाहणी करावी. दुसरी जानेवारीत आणि तिसरी मार्चमध्ये, पाणी आटण्यापूर्वी. पावसाळ्यात काठावर उभे राहून फक्त रंग आणि चढणीच्या माशांचा पहिला दिवस लिहावा.

दुसरी गोष्ट भरतीची. मिठाच्या सत्याग्रहामुळे १९३० मध्ये शिरोड्याचे नाव देशभर गेले ते इथे खारे पाणी आत येते म्हणून. जिथवर भरतीचे पाणी चढते तिथे गोड्या पाण्यातले हे किडे राहत नाहीत. त्यामुळे पाहणीची जागा भरतीच्या हद्दीच्या बरीच वर निवडावी.

तिसरी गोष्ट लाल मातीची. आपला सगळा मुलूख जांभ्याचा. जुलैमध्ये प्रत्येक व्हाळ लाल असतो. म्हणून ‘पाणी लाल झाले’ एवढ्यावरून कुणाच्या खोदकामाला दोष देता येत नाही. त्यासाठी संशयित जागेच्या वर एक आणि खाली एक अशा दोन जागी, एकाच दिवशी नितळपणा मोजावा लागतो. वर पाणी निवळलेले आणि खाली गढूळ असेल, तेही डिसेंबरात, तर ती गोष्ट बोलण्यासारखी आहे.

चौथी गोष्ट बंधाऱ्यांची. पावसाळ्यानंतर आपण पोत्यांत माती भरून वनराई बंधारे घालतो. बंधाऱ्यामागे पाणी साचते, त्याबरोबर वाहत्या पाण्यातले जीव जाऊन साठलेल्या पाण्यातले जीव येतात. हे प्रदूषण नव्हे. बंधारा कधी घातला ती तारीख वहीत असली की गैरसमज होत नाही.

८. प्रत्यक्ष पाहणी

सामान थोडे लागते : बारीक भोकांची जाळी (मच्छरदाणीचे कापड चौकटीला शिवले तरी चालते), पांढरा पसरट डबा, भिंग, तापमापक, नळी, पेन्सिल आणि वही. पेनाची शाई भिजली की पसरते, म्हणून पेन्सिल.

तिघा-चौघांनी मिळून जावे, एकट्याने कधीही नाही. जाळी प्रवाहाच्या खालच्या बाजूला धरावी आणि तिच्या वरच्या बाजूचा तळ पायाने ढवळावा. ठरवलेली वेळ दरवेळी तीच ठेवावी. मग काही दगड हाताने उलटून पाहावेत आणि होते तसे परत ठेवावेत, कारण ते कुणाचे तरी छप्पर आहे. डब्यात जीव ओळखून झाले की त्यांना त्याच जागी सोडावे. आपल्या जिल्ह्यात लेप्टोस्पायरोसिसचे रुग्ण आढळतात, म्हणून गमबूट घालावेत, पायाला जखम असेल तर पाण्यात उतरू नये आणि घरी आल्यावर साबणाने हातपाय धुवावेत.

आता नोंदीचे नियम. पहिला नियम : ‘आढळला नाही’ आणि ‘पाहिले नाही’ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. शोधून सापडला नाही तर शून्य लिहावे. शोधलेच नसेल तर जागा कोरी सोडून कारण लिहावे. या दोहोंत गल्लत झाली की पूर्ण वही निरुपयोगी होते.

दुसरा नियम : चांगल्या दिवसांचीही नोंद करावी. वास आला, मासे मेले की आपण धावत जातो. सगळे ठीक असते तेव्हा कुणी जात नाही. मग वहीत फक्त संकटे राहतात आणि वाचणाऱ्याला वाटते की हे लोक तक्रारीच करत असतात. निरोगी दिवसांच्या कंटाळवाण्या नोंदीच पुढे उपयोगी पडतात.

तिसरा नियम : मनात आधीच ठरवलेला निकाल वहीत उतरवू नये. ज्याला व्हाळाची माया आहे त्याला तो स्वच्छ दिसावासा वाटतो. ज्याचे कुणाशी भांडण आहे त्याला तो घाण दिसावासा वाटतो. पाहणाऱ्याने या दोन्ही इच्छा घरी ठेवून यावे. खोटी साक्ष देऊ नकोस ही आज्ञा पेन्सिलीलाही लागू आहे.

९. वही कुठे न्यायची?

जैविक विविधता कायदा २००२ साली झाला. त्यानुसार प्रत्येक ग्रामपंचायतीत जैवविविधता व्यवस्थापन समिती आणि लोकजैवविविधता नोंदवही असायला हवी. या नोंदवहीची कल्पना रुजवण्यात माधव गाडगीळ यांचा मोठा वाटा आहे. आपल्या पंचायतीच्या नोंदवहीत आपल्या व्हाळाचे पान आहे का, ते जाऊन पाहावे. तीन वर्षांची पाहणी हातात असेल तर ग्रामसभेत आपले म्हणणे कागदासह मांडता येते.

नोंद झाल्याने काय होते, याचे उदाहरण आपल्याच जिल्ह्यात आहे. आंबोलीला हिरण्यकेशीच्या उगमापाशी महादेवाच्या मंदिराजवळ एक लहानसा रंगीत मासा राहतो. गावकऱ्यांच्या डोळ्यांसमोर तो पूर्वीपासून असेल. २०२० मध्ये अभ्यासकांनी त्याचे शास्त्रीय वर्णन प्रसिद्ध केले आणि त्याला ‘शिस्टुरा हिरण्यकेशी’ हे नाव मिळाले. २०२१ मध्ये राज्य सरकारने तिथले २.११ हेक्टर क्षेत्र जैविक वारसा स्थळ म्हणून जाहीर केले. मासा तोच, पाणी तेच. त्याची नोंद झाली आणि त्याला संरक्षण मिळाले.

याच्या उलट बाजूही पाहू. जुलै २०२१ मध्ये दोडामार्ग तालुक्यातल्या कळणे गावात खाणीत साठलेले पाणी फुटून गावात घुसले. मातीचा लोट घरांत आणि बागायतीत शिरला. अशा वेळी पंचनामा होतो तेव्हा घरे मोजली जातात, माड-पोफळी मोजल्या जातात. ओहोळातले खेकडे, मासे, दगडाखालचे किडे कुणी मोजत नाही. आदल्या वर्षी तिथे काय होते हे कागदावर असेल, तरच त्यांची हानी निदान सांगता येते.

पुण्यात ‘जीवितनदी’ ही संस्था नागरिकांना नदीकाठाचा एकेक टप्पा दत्तक घ्यायला लावते आणि नेमाने तिथे जायला शिकवते. अमेरिकेत ‘आयझॅक वॉल्टन लीग’ने १९६९ पासून सामान्य लोकांना ओढ्यांची पाहणी शिकवली. शहरातली मेलेली म्हणावी अशी नदी लोक पुन्हा पाहू लागले, तर आपले व्हाळ तर अजून जिवंत आहेत.

१०. या पाहणीच्या मर्यादा

व्हाळात नाजूक किडे सापडले म्हणून ते पाणी पिऊ नये. किड्यांना न बाधणारे कॉलरा-काविळीचे जंतू माणसाला आजारी पाडतात. पिण्याच्या पाण्याची तपासणी वेगळी. तिच्यासाठी पंचायतीचे जलसुरक्षक नमुने घेतात आणि पाणीपुरवठ्याच्या धोक्याप्रमाणे पंचायतीला लाल, पिवळे किंवा हिरवे कार्ड मिळते. जलजीवन मिशनमध्ये प्रत्येक गावातल्या पाच महिलांना तपासणी संच वापरायला शिकवण्याची तरतूद आहे. आपल्या गावातल्या त्या पाचजणी कोण, हे विचारून घ्यावे आणि त्यांना व्हाळाच्या पाहणीलाही बोलवावे.

किड्यांवरून कारणही कळत नाही. काहीतरी बिघडले एवढेच ते सांगतात. ते साबणाचे पाणी आहे, शौचालयाची टाकी आहे, फवारणी आहे, की मासे पकडायला कोंडीत टाकलेली ब्लीचिंग पावडर आहे, हे शोधावे लागते. शोधताना कधी कधी माग आपल्याच परसात येऊन थांबेल. त्यासाठी मनाची तयारी ठेवूनच वही उघडावी.

पोप फ्रान्सिस यांच्या २०१५ च्या ‘लाउदातो सी’ या परिपत्रकात पाण्याच्या प्रश्नाला स्वतंत्र भाग दिलेला आहे. ते वाचणे चांगलेच. पण वाचून झाल्यावर आपल्या घराजवळच्या व्हाळाचा एक दगड उलटून पाहिला, तर ते वाचन अंगी लागेल.

चर्चेसाठी प्रश्न

१) आपल्या वाडीजवळून वाहणारा व्हाळ कुठे उगम पावतो आणि कुठे मिळतो? वाटेत त्यात काय काय सोडले जाते?

२) आपल्या घरातल्या सर्वांत वयस्कर व्यक्तीला विचारा : पन्नास वर्षांपूर्वी व्हाळात कोणते मासे आणि खेकडे मिळत? त्यांची गावातली नावे लिहून काढा. आज त्यातले कोणते दिसतात?

३) भरतीच्या हद्दीच्या वर, सुरक्षितपणे उतरता येईल आणि वर्षानुवर्षे जाता येईल अशी एक जागा सुचवा. तिथे दर वर्षी तीनदा जायला कोण तयार आहे?

४) आपली नोंद आपल्याच शेजाऱ्याच्या किंवा आपल्याच घराच्या विरुद्ध गेली, तर आपण काय करू?

या चारांतला तिसरा प्रश्न गटाने आजच सोडवावा. बाकीच्यांना वेळ लागला तरी चालेल. नोव्हेंबरात पाणी निवळेल तेव्हा वहीचे पहिले पान भरलेले असावे.